ऊसतोडीचा हंगाम आणि ग्राहक-संबंधांचे मोजमाप (लेखांक 5)

ग्राहकाची माहिती एकत्र ठेवून, त्याची गरज वेळीच ओळखून त्याला दीर्घकाळ बँकेशी जोडून ठेवण्याच्या पद्धतीला ग्राहक संबंध व्यवस्थापन म्हणतात, हे मागील लेखांकांत स्पष्ट झाले आहे. ही पद्धत कितपत फळाला आली, हे कसे मोजायचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या मोजमापाची रूढ परिमाणे म्हणजे वर्षभरात जोडले गेलेले नवे ग्राहक, टिकून राहिलेले जुने ग्राहक, एका ग्राहकाने घेतलेल्या सेवांची संख्या आणि तक्रार निवारणाला लागलेला वेळ. डिजिटल व्यवहार वाढले तशी त्यांत मोबाइल बँकिंगची नोंदणी आणि यूपीआय व्यवहारांची संख्या यांची भर पडली. ही परिमाणे मुळात दरमहा पगार घेणारा शहरी खातेदार डोळ्यांसमोर ठेवून घडलेली असल्याने बीडसारख्या जिल्ह्यात ती जशीच्या तशी लावली, तर आकडे बरोबर येऊनही निष्कर्ष चुकतो.

धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, साधारणपणे मार्च-एप्रिलमध्ये, गावी परततात. नवरा-बायकोच्या जोडीला मजुरीच्या हिशेबात एक ‘कोयता’ धरतात आणि मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, बहुधा रोखीने हाती पडते. त्यामुळे हंगामाचे पाच-सहा महिने या कुटुंबाचे गावच्या शाखेतील खाते जवळपास निश्चल राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ग्राहकाने दोन वर्षांहून अधिक काळ स्वतः व्यवहार केला नाही, तरच खाते निष्क्रिय ठरते. परंतु कामगिरी मोजताना एखाद्या बँकेने तिमाही हाच कालावधी धरला, तर पिढ्यान्‌पिढ्या त्याच शाखेत येणारे कुटुंब कागदोपत्री ‘सुटलेला ग्राहक’ म्हणून नोंदले जाते. अशा ठिकाणी एका तिमाहीची तुलना मागच्या तिमाहीशी करण्यात अर्थ नाही. मागील वर्षीच्या त्याच हंगामाशी केली, तरच ती काही सांगते.

याच्या उलट प्रकारची दिशाभूल अधिक गंभीर आहे. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा 1,500 रुपये ऑगस्ट 2024 पासून महिलांच्या आधार-संलग्न खात्यांत जमा होऊ लागले. अशी रक्कम कोणत्या बँकेत जावी हे राष्ट्रीय देयक महामंडळाची आधार-नोंदणी ठरवते आणि आधार क्रमांक ज्या बँकेशी शेवटी जोडला गेला, त्या बँकेत पैसे जातात. म्हणून कधीकाळी उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात हप्ता जमा झाल्याचे अनेक महिलांना नंतर कळले. पुढे गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात, ज्याला बोलीत ‘मिनी बँक’ म्हणतात, यंत्रावर अंगठा लावून ती रक्कम काढली जाते. ते केंद्र दुसऱ्याच बँकेचे असू शकते आणि तसे असल्यास खातेदाराच्या बँकेला त्या दुसऱ्या बँकेस शुल्कही द्यावे लागते. खाते दरमहा हलते, आधारवर चालणारे व्यवहार वाढतात, अहवालातील आलेख चढतो. खातेदार बाईने मात्र आपल्या शाखेचा उंबरठाही ओलांडलेला नसतो. याला संबंध म्हणणे धाडसाचेच ठरेल.

कोयता आणि खुरपे चालवून बोटांवरच्या रेषा झिजल्या की यंत्र ठसा ओळखत नाही. कधी खात्यातून रक्कम वजा होते आणि हातात पैसे पडत नाहीत. अशा फसलेल्या व्यवहाराची रक्कम पाच दिवसांत परत जमा व्हावी आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई ग्राहकाने न मागताही मिळावी, असे रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात म्हटले आहे. प्रत्यक्षात ती बाई केंद्रचालकाशी वाद घालून घरी जाते आणि बँकेच्या दप्तरी काहीच उमटत नाही. तक्रारींची संख्या शून्य असणे हे समाधानाचे लक्षण मानणारी पद्धत इथे पूर्णपणे फसते. शंभर प्रयत्नांपैकी किती फसले आणि वजा झालेली रक्कम किती दिवसांनी परत आली, हे दोन आकडे ग्रामीण शाखेबद्दल इतर कोणत्याही परिमाणापेक्षा अधिक सांगून जातात.

विलीनीकरणाचाही या मोजमापावर परिणाम होतो. मराठवाड्यात घराघरांत परिचित असलेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद 1 एप्रिल 2017 रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली आणि 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँक व विदर्भ कोकण ग्रामीण बँक एक झाल्या. एकाच माणसाच्या दोन नोंदी राहिल्या, तर ग्राहकसंख्या फुगते आणि प्रत्येक ग्राहकामागील सेवांचे प्रमाण घटलेले दिसते.

मोजमाप केवळ संबंधांचे करून भागत नाही, हे बीडकरांना वेगळे सांगायला नको. दारात येऊन पिग्मी गोळा करणारा ओळखीचा माणूस, बँकेपेक्षा चढा व्याजदर, हेलपाटे नाहीत: ग्राहक-संबंधांच्या कोणत्याही कसोटीवर मल्टिस्टेट पतसंस्था उत्तीर्ण झाल्या असत्या, तरीही 2023 पासून जिल्ह्यातील काही संस्थांमध्ये ठेवीदारांचे पैसे अडकले. बँकेतील 5 लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला असणारे विमासंरक्षण पतसंस्थेतील ठेवीला नसते. रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी 1992 मध्ये मांडलेल्या संतुलित गुणपत्रिकेत ग्राहकाच्या जोडीला वित्तीय स्थिती, अंतर्गत कामकाज आणि संस्थेची शिकण्याची क्षमता हे रकाने आहेत, ते याचसाठी.

जे नोंदले जात नाही ते मोजलेही जात नाही. म्हणून व्यवहार फसल्यास खातेदाराने केंद्रचालकाच्या तोंडी आश्वासनावर न थांबता व्यवहाराची पावती जपावी, आपल्या बँकेत लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा आणि 30 दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागावी. त्यासाठीच्या माहितीचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक 14448 आहे.