नाळेंतील रक्त : आशा आणि मर्यादा

जन्मभूमीची ओढ सांगतांना 'तेथें माझी नाळ पुरली आहे' असें आपण म्हणतों. एके काळीं पुरून टाकण्यापुरत्याच असलेल्या या नाळेंतील रक्त आज औषध म्हणून जपून ठेवतात. त्याचा उपयोग कोठवर आहे, हें आज पाहूं.

आपलें रक्त अस्थिमज्जेंत तयार होतें. तेथील कांहीं पेशींच्या अंगीं सर्व प्रकारचे रक्तकण निर्माण करण्याचें सामर्थ्य असतें. त्यांस मूलपेशी म्हणतात. नवजात बालकाच्या नाळेंतील रक्तांतहि त्या सांपडतात. १९८८ सालीं पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयांत डॉ. एलिआन ग्लुकमन यांनीं फॅन्कोनी नांवाच्या आनुवंशिक पांडुरोगानें ग्रासलेल्या एका मुलास त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेंतील रक्त दिलें. त्या पेशी मुलाच्या मज्जेंत रुजल्या आणि निरोगी रक्त तयार होऊं लागलें. पुढें रक्ताचा कर्करोग, थॅलॅसेमिया अशा विकारांत हा उपाय हजारों रुग्णांवर करण्यांत आला.

मात्र त्या मुलास रक्त मिळालें तें बहिणीचें, हें विसरूं नये. त्याचें स्वतःचें रक्त जपून ठेवलें असतें तरी व्यर्थ होतें. कारण आनुवंशिक दोष त्याच्या नाळेंतील पेशींतहि असणारच. म्हणूनच 'बाळाचें रक्त बाळासाठींच सांठवा, हा आयुष्याचा विमा आहे' असें कोणी सांगूं लागल्यास आईबापांनीं सावध असावें. स्वतःच्या भावी उपयोगासाठीं असें रक्त सांठविण्यास शास्त्रीय आधार नाहीं, असें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलें आहे. घरांतील एखाद्या भावंडास असा विकार असेल, तर गोष्ट निराळी.

मग झिजलेले सांधे, दुखावलेलें हृदय किंवा मेंदू यांचें काय? नाळेच्या गरांतून मिळणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर यासाठीं प्रयोग चालू आहेत. त्या पेशी स्वतः नवें मांस घडवितात असें नव्हे. त्यांच्यापासून स्रवणारीं द्रव्यें दाह कमी करून जखमी भागास सावरण्यास मदत करीत असावींत, असा अनेक शास्त्रज्ञांचा तर्क आहे. परंतु प्रयोग आणि सिद्ध झालेला उपचार यांत मोठें अंतर आहे. तें काटल्याचा दावा करून कोणी पैसे मागितल्यास ते देऊं नयेत.

आणखी एक गोष्ट. जन्मल्यावर निदान एक मिनिट नाळ न कापल्यास तिच्यांतील बरेंच रक्त बालकाच्या अंगांत उतरतें व त्याच्या शरीरांतील लोहाचा सांठा वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेचाहि हाच सल्ला आहे. सांठवणीच्या लोभानें ही घाई करूं नये. त्या रक्तावर पहिला अधिकार बाळाचा आहे!