बांधावरचा खुळखुळा

पावसाळा सरत आला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात डोंगरउतारांवर आणि शेतांच्या बांधांवर वाटाण्याच्या फुलासारखी पिवळी फुले डोलू लागतात. हा खुळखुळा. त्याची फुगीर शेंग वाळली की आतले बी सुटते आणि हलवताच वाजू लागते. आमच्या वर्गातली काही मुले त्याला झुनझुना म्हणतात. दरवर्षी कुणी ना कुणी खिशात भरून आणतेच.

या फुलांवर काळे भुंगे आणि मधमाश्या येतात. निळसर पट्ट्यांची फुलपाखरे तर त्याची वाळलेली पाने आणि शेंगा खरवडून रस शोषतात. त्या कडू रसातून नर फुलपाखरू मादीला आकर्षित करणारा गंध तयार करते. तोच कडूपणा अंगात मुरला की पक्षीही त्याला खात नाहीत. अल्लाहच्या निर्मितीतली ही हिकमत पाहून आम्ही थक्क होतो.

मात्र जे फुलपाखराला कवच, तेच गुरांना विष. हा रस गाय, बैल आणि विशेषतः घोडा यांचे यकृत खराब करतो. शेळ्या-मेंढ्यांना त्रास कमी होतो, पण त्याही पूर्ण सुरक्षित नाहीत. विष सावकाश भिनते. जनावर खंगते, कावीळ होते, पोटात पाणी साठते. तोवर पाला खाल्ल्याला कित्येक आठवडे उलटलेले असतात आणि त्यावर उतारा नाही. हिरवा चारा असताना गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. धोका टंचाईत आणि कापलेल्या गवतात असतो, कारण वाळल्यावरही विष जात नाही.

माणसांनीही सावध राहिले पाहिजे. १९७५ साली सरगुजा जिल्ह्यात (तेव्हा मध्य प्रदेश, आता छत्तीसगड) गोंदली या भरडधान्यात खुळखुळ्याच्या एका जातीचे बी मिसळले गेले. यकृताच्या आजाराने ६७ जण आजारी पडले, त्यांपैकी २८ दगावले.

मग दिसेल तिथे उपटावे का? आम्हाला तसे वाटत नाही. तो शेंगवर्गातला आहे, जमिनीला नत्र देतो. हिरवळीच्या खताचा ताग त्याचाच भाऊबंद. डोंगरावर तो राहू द्या. फक्त चाऱ्यासाठी गवत कापण्याआधी त्यातला खुळखुळा वेचून बाजूला काढा. ज्वारी-बाजरी सुपात नीट पाखडून, निवडून घ्या. जनावर खंगू लागले तर घरगुती उपायांत दिवस न घालवता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा आणि चाऱ्यात काय होते ते सांगा.

आणि मुलांनो, शेंग जरूर वाजवा. पण बी तोंडात घालू नका आणि घरी जाऊन हात धुवा.