आत्यांचा प्रश्न

परवा लेक पुण्याहून आली आणि पर्समधून काळ्या पाटीसारखं काहीतरी काढून म्हणाली, "आई, हा ई-बुक रीडर. यात शेकडो पुस्तकं मावतात." आमच्या मैंदर्गीहून कादंबरी घ्यायची तर आधी अक्कलकोटची एसटी धरायची, तिथं नाही मिळाली तर सोलापूर गाठायचं. आनंद व्हायचाच ना!

पडदा कागदासारखा, मोबाईलसारखा चकाकत नाही. एकदा चार्ज केला की कितीतरी दिवस बघायला नको. आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं! मला आधी सासूबाई आठवल्या. मी त्यांना आत्या म्हणते. बारीक अक्षर दिसेना म्हणून त्यांचं वाचन सुटलंय. धावतच गेले. त्यांनी पाटी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "कन्नड हाय का ह्यात?"

मैत्रिणींनो, आमचा हा सीमेवरचा मुलूख. शाळा माझी मराठीत, त्यांची कन्नडमध्ये. लेकीनं त्या रीडरच्या दुकानात खूप शोधलं, पण आत्यांच्या आवडीचं काही हाती लागलं नाही.

मग लेकीकडून सगळी हकिकत समजून घेतली. आपल्याकडे २०१० मध्ये इन्फीबीमनं 'पाय' नावाचा रीडर काढला, किंमत ९,९९९ रुपये. २०१२ मध्ये किंडल क्रोमाच्या दुकानांत ६,९९९ रुपयांना मिळू लागलं. २०१३ मध्ये कोबोही आलं. फ्लिपकार्टनं ई-पुस्तकं विकून पाहिली आणि २०१५ मध्ये तो धंदा कोबोकडे सोपवला. एवढी चढाओढ! पण ही दुकानं मोठ्या शहरांतली आणि पुस्तकं बहुतेक इंग्रजी. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकांचं दालन उघडलं ते डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. त्या पाचांत कन्नड नव्हती.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की खरी स्पर्धा यंत्रांची नाही, दुकानांची आहे. यंत्र घेतलं की त्याच्या दुकानाशी आपली गाठ बांधली जाते. एकाकडचं पुस्तक दुसऱ्याच्या यंत्रावर सहसा उघडत नाही. बुकगंगावर मराठी ई-पुस्तकं भरपूर आहेत, पण ती त्यांच्या अॅपवर वाचायची. ई साहित्य प्रतिष्ठान तर फुकट देतं, पण पीडीएफ छोट्या पडद्यावर उघडली की अक्षर पुन्हा मुंगीएवढं!

म्हणून सांगते, मुलं भेट देणार असतील तर आधीच विचारा. आपल्या भाषेतली, आपल्या आवडीची पुस्तकं त्या दुकानात आहेत का? दुसरीकडून घेतलेलं पुस्तक यात उघडेल का? बिघडलं तर दुरुस्तीला कुठं न्यायचं? आणि आधी फोनवर त्याच कंपनीचं अॅप फुकट घेऊन एखादं पुस्तक वाचून बघा. पैसे मग खर्च करा.

आमच्या घरी सध्या तोड निघाली आहे. रात्री जेवणं उरकली की मी मोठ्या अक्षरात मराठी कथा वाचते, अडेल तिथं कन्नडमध्ये सांगते. आत्या ऐकतात, मध्येच हसतात. पण काल पाटीवरून हात फिरवत हळूच म्हणाल्या, "मला वाचता आलं असतं तर बरं झालं असतं बघ."

त्यावर मला काही उत्तर सुचलं नाही.