लेन्स डोळ्यात, दुखणे पापणीत

ब्रिटनमधील 42 वर्षांच्या एका महिलेची वरची पापणी काही महिन्यांपासून सुजून खाली उतरली होती. तपासणीत पापणीत गाठ दिसली. शस्त्रक्रियेत त्या गाठीतून निघाली एक कडक कॉन्टॅक्ट लेन्स! लहानपणी बॅडमिंटन खेळताना तिच्या डोळ्यावर शटलकॉक आदळले होते. तेव्हा लेन्स पडून हरवली, असेच सगळे समजून चालले. प्रत्यक्षात ती 28 वर्षे पापणीत रुतून बसली होती. ‘बीएमजे केस रिपोर्ट्‌स’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2018 मध्ये या घटनेची नोंद प्रसिद्ध केली.

असे क्वचितच घडते. पण लेन्सची काळजी घेताना आपण सारे लक्ष बुब्बुळाकडे देतो आणि पापणीला विसरतो, हे रोजचेच आहे. लेन्स बसते बुब्बुळावर, मात्र दिवसभर तिची गाठ पडते ती पापणीशी. मिनिटाला सुमारे 15 वेळा पापणी लवते असे धरले, तर जागेपणीच्या 16 तासांत ती 14 हजारांहून अधिक वेळा लेन्सवरून फिरते.

अश्रूंमधली प्रथिने लेन्सवर साचतात. त्यांचा थर आणि सततचे घर्षण यांमुळे काहींच्या वरच्या पापणीचे आतले अस्तर चिडते आणि त्यावर बारीक फोडांसारखे उंचवटे येतात. मऊ लेन्स वापरणाऱ्यांमधला हा विकार 1974 मध्ये प्रथम नोंदवला गेला. त्याची खूण ओळखता येते. लेन्स काढल्यावर खाज वाढते, सकाळी डोळ्यांत चिकट चिपडे येतात, लेन्स वर सरकते आणि पूर्वी दिवसभर चालणारी लेन्स दुपारीच नकोशी होते. आरशात डोळा मात्र फारसा लाल दिसत नाही, कारण बिघाड पापणीच्या मागे लपलेला असतो. डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली, तरच तो सापडतो. काही आठवडे लेन्स बंद ठेवून, डॉक्टरांनी दिलेले थेंब घालून आणि नंतर रोज नवी लेन्स वापरून तो बहुधा आटोक्यात येतो.

पापणीच्या कडेला तेलग्रंथींची रांग असते. जर्मन वैद्य हाइनरिश मायबोम यांनी 1666 मध्ये त्यांचे वर्णन केले. या ग्रंथींतले तेल अश्रूंवर पातळ थर धरते आणि त्यांना लवकर सुकू देत नाही. जपानमधील नेत्रतज्ज्ञ रेइको अरिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2009 च्या अभ्यासात लेन्स वापरणाऱ्यांमध्ये या ग्रंथी घटलेल्या आढळल्या. वापराची वर्षे जितकी जास्त, तितकी घट अधिक. पडद्याकडे टक लावून पाहताना पापणी कमी वेळा लवते, त्यामुळे हे तेल पसरतही नाही. पापणीच्या आतल्या कडेला काजळ भरले, तर याच ग्रंथींची तोंडे बुजू शकतात. कडक लेन्स अनेक वर्षे वापरणाऱ्यांची पापणी कधी कधी सैल होऊन खाली उतरते. लेन्स काढताना पापणी रोज ताणली जाणे, हे त्याचे एक कारण मानले जाते.

बुब्बुळावरच्या पारदर्शक पटलात रक्तवाहिन्या नसतात. जागेपणी त्याला प्राणवायू हवेतून मिळतो, झोपेत पापणीच्या अस्तरातल्या रक्तवाहिन्यांकडून, आणि तोही बराच कमी. मध्ये लेन्स राहिली की पटल आणखी गुदमरते, सुजते आणि जंतूंना वाट मिळते. अमेरिकेतील 1989 च्या एका अभ्यासात केवळ दिवसा मऊ लेन्स वापरणाऱ्या 10 हजार जणांमागे वर्षाला सुमारे 4 जणांना या पटलावर जंतुसंसर्गाचा व्रण झाला. रात्रीही घालायच्या लेन्स वापरणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 21 होते. नव्या लेन्समधून प्राणवायू अधिक जातो, तरी त्या घालून झोपण्यातला धोका संपलेला नाही.

म्हणून काही पथ्ये पाळाच. हात साबणाने धुऊन कोरडे करा आणि मगच लेन्सला हात लावा. सोल्युशन घालून ती तळहातावर हलकेच चोळा. डबीतले सोल्युशन रोज फेकून नवे घाला आणि डबी दर तीन महिन्यांनी बदला. नळाचे पाणी लेन्सला लागू देऊ नका. पाण्यातला अकांथअमीबा हा सूक्ष्मजीव लेन्सवरून डोळ्यात गेला, तर होणारा संसर्ग महिनोन्‌महिने छळतो आणि दृष्टीही जाऊ शकते. पोहताना, अंघोळ करताना लेन्स नको. काजळ-मेकअप लेन्स घातल्यानंतर करा आणि लेन्स काढल्यानंतर पुसा.

डोळा दुखला, लाल झाला, उजेड सहन होईना किंवा अंधूक दिसू लागले, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. मनाने थेंब घालू नका. लेन्स आणि डबी सोबत न्या, जंतू ओळखायला त्यांचा उपयोग होतो.

आज नंबर टाकला की लेन्स घरपोच येते. पण नंबरावरून पापणीची प्रकृती कळत नाही. काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि ‘पापणी उलटूनही तपासा’ असे आवर्जून सांगा.