'वॉटरप्रूफ' हेडलॅम्प भर पावसात बंद का पडतो? आयपी रेटिंग समजून घ्या

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही चौघं कळसूबाईच्या नाइट ट्रेकला गेलो होतो. लोखंडी शिड्यांजवळ पोहोचलो आणि माझा हेडलॅम्प दोनदा लुकलुकून बंद पडला. एक हात शिडीला, दुसऱ्या हातात मोबाईल आणि वरून धो धो पाऊस! शेवटी मागून येणाऱ्या मित्राने त्याचा उजेड माझ्या पायांवर धरला, तेव्हा कुठे शिडी चढून झाली. घरी येऊन बॉक्स बघितला. त्यावर 'वॉटरप्रूफ' असं ठळक छापलं होतं, पण आयपी रेटिंग कुठेच नव्हतं.

आयपी रेटिंग म्हणजे काय?

एखाद्या उपकरणात धूळ आणि पाणी किती शिरू शकतं, हे आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तपासतात. आयपी ६७ मधला पहिला आकडा धुळीचा (० ते ६) आणि दुसरा पाण्याचा (० ते ९). आकड्याच्या जागी एक्स असेल, तर त्या बाबतीत रेटिंग दिलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

- आयपीएक्स ४: सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी चालतं
- आयपीएक्स ५, ६: पाण्याचा जोरदार फवारा चालतो
- आयपीएक्स ७: १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडालं तरी चालतं

इथे एक गंमत आहे. आयपीएक्स ७ मिळालं म्हणजे ५ आणि ६ ची परीक्षाही पास, असं नाही. बुडवणं आणि फवारा मारणं या वेगळ्या चाचण्या आहेत.

मग रेटिंग असूनही पाणी कसं शिरतं?

चाचणी नव्या वस्तूवर आणि साध्या पाण्यात होते. आपण मात्र तीच वस्तू वर्षानुवर्षं वापरतो. पाणी अडवायचं काम आतली रबरी रिंग करते. ती जुनी झाली, किंवा तिच्यावर वाळूचा एक कण जरी अडकला, तरी फट पडते. त्यात दिवा चालू असताना आतली हवा गरम होते. वरून गार पाऊस पडला की ती आकसते आणि त्या फटीतून पाणी आत खेचलं जातं.

बॅटरीचे तास

बॉक्सवर एएनएसआय एफएल १ या मानकानुसार '४० तास' लिहिलं असेल, तर ४० तास तोच उजेड मिळेल असं समजू नका. उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा हा वेळ असतो. शिडीवर तेवढा उजेड पुरेल का, हा विचार आधीच करा.

ट्रेकआधी घरी काय तपासाल?

१. रिंग आणि चार्जिंग पोर्टचं झाकण कोरड्या कापडाने पुसा. रिंगला चीर दिसली तर बदला.
२. सेल काढता येत असतील तर ते काढून आत टिश्यू पेपर ठेवा आणि हेडलॅम्प १० मिनिटं शॉवरखाली धरा. कागद ओला झाला तर तो पावसात नेऊ नका.
३. एकदा फुल चार्ज करून चालू ठेवा आणि उजेड किती तासांनी कमी होतो ते लिहून ठेवा.

आणि हो, सॅकमध्ये एक जास्तीचा टॉर्च झिपलॉक पिशवीत घालून ठेवाच. त्या रात्री माझ्याकडे तो नव्हता.