देणाऱ्याच्या पदरात काय पडते?

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की घराघरांत वही-पेन निघते. साडेसात तोळे सोने की साडेबावन्न तोळे चांदी, लॉकरमधल्या बांगड्या धरायच्या का, दिराला उसने दिलेले पैसे मोजायचे का, आणि मग अडीच टक्के. लाखाला अडीच हजार. हिशेब चोख व्हायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. पण या वहीत एकच बाजू लिहिली जाते, काय गेले ती. काय आले याचा रकाना कोणी आखत नाही. सवाब आखिरतमध्ये मिळेल, इन्शाअल्लाह, एवढे म्हणून आपण वही मिटतो. माझ्या मते तो रकाना याच दुनियेत भरायला लागतो. आणि कुणाचा वर्षानुवर्षे रिकामाच राहत असेल, तर रक्कम बरोबर असूनही देण्याची रीत कुठेतरी चुकते आहे.

'जकात' या शब्दाच्या मुळात दोन अर्थ आहेत, पाक होणे आणि वाढणे. सूरह तौबाच्या 103 व्या आयतीत प्रेषित मुहम्मद (स.) यांना हुकूम आहे की या लोकांच्या मालातून सदका घ्या आणि त्यायोगे त्यांना पाक करा. उर्दूच्या तासाला हा विषय निघाला की मी मुलांना विचारते, पाक कोण होणार, घेणारा की देणारा? बहुतेक जण 'घेणारा' म्हणतात, कारण पोट त्याचे भरणार असते. आयत मात्र देणाऱ्याविषयी बोलते. पुढे असेही येते की त्यांच्यासाठी दुआ करा, तुमची दुआ त्यांच्यासाठी तसल्ली आहे. तिथे जो अरबी शब्द आहे, 'सकन', त्याच धातूपासून आपला रोजच्या बोलण्यातला 'सुकून' आला. ज्याच्या खिशातून पैसे गेले, त्यालाच सुकून!

या बाबतीत मला सर्वांत जवळची वाटते ती मुसनद अहमदमधील हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस. एका माणसाने प्रेषितांकडे तक्रार केली की माझे मन फार कठोर झाले आहे. त्याला उत्तर मिळाले की मन मऊ व्हावेसे वाटत असेल तर गरिबाला जेवू घाल आणि यतीमाच्या डोक्यावरून हात फिरव. तक्रार घेऊन आलेला माणूस उपाशी नव्हता, कर्जबाजारी असल्याचाही उल्लेख नाही. दुखणे मनाचे होते आणि औषध म्हणून दुसऱ्याची सेवा सांगितली गेली. औषध कसे आहे तेही पाहा. जेवू घालायचे तर समोर बसावे लागते. डोक्यावर हात ठेवायचा तर जवळ जावे लागते. नोकर पाठवून किंवा मोबाइलवर बोट टेकवून ही दोन्ही कामे होत नाहीत.

आमच्या मोहल्ल्यात एक खाला आहेत. नाव लिहिलेले त्यांना आवडणार नाही. शौहर वारले, दोन्ही मुले आखाती देशात, घरात टीव्ही आणि त्या. वर्षभर त्यांचे बोलणे एकाच विषयावर असायचे, गुडघे. कुणी भेटायला गेले की एक्स-रे बाहेर यायचे. मग शेजारची एक बाई सरकारी दवाखान्यात दाखल झाली, तिला डबा द्यायला खाला गेल्या आणि वॉर्डाबाहेरचा व्हरांडा पाहून आल्या. रुग्णाला दवाखान्याचे जेवण मिळते. त्याच्या सोबतीला खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या आईला किंवा भावाला कोण विचारतो? चादर अंथरून तिथेच पडलेली असतात, वडापाववर दिवस काढतात. त्या शुक्रवारी खालांनी वीस चपात्या आणि घट्ट डाळ केली आणि रिक्षाने घेऊन गेल्या. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. आता त्यांना व्हरांड्यातली माणसे गावासह पाठ असतात. कुणाच्या सुनेला मुलगा झाला, कुणाचा भाऊ वाचला नाही, हे सगळे मोहल्ल्याला खालांकडून कळते. धर्म कुणी विचारत नाही. उपास असेल तर मात्र त्या आवर्जून विचारतात, कारण एकादशीला चपाती चालत नाही हे त्यांना तिथेच कळले, आणि तेव्हापासून पिशवीत चार केळीही असतात. मी एकदा गुडघ्यांची चौकशी केली. म्हणाल्या, "घुटने तो दुखतेच बेटा, पन जुम्मे के दिन याद नै रहता."

डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी सोडलेल्या नाहीत, आणि कुणी सोडूही नयेत. पण जुम्म्याला काय घडते याचा थोडाफार शोध मानसशास्त्रज्ञांनीही घेतला आहे. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात एलिझाबेथ डन यांनी लारा अकनिन आणि मायकेल नॉर्टन यांच्यासह केलेला एक प्रयोग 2008 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. सकाळी काही जणांना पाकिटे दिली, कुणाच्या पाकिटात 5 डॉलर, कुणाच्या 20. निम्म्यांना सांगितले, संध्याकाळी पाचपर्यंत हे स्वतःवर खर्च करा. उरलेल्यांना सांगितले, दुसऱ्या कुणासाठी खर्च करा किंवा दान करा. संध्याकाळी विचारपूस केली तेव्हा दुसऱ्यासाठी खर्च करणारे अधिक खूश आढळले. रक्कम 5 होती की 20, याने फरक पडला नाही. प्रयोगात नसलेल्या लोकांना आधी अंदाज विचारला, तेव्हा बहुतेकांनी उलटेच सांगितले होते: 20 डॉलर हातात, तेही स्वतःसाठी, म्हणजे आनंद जास्त. आपल्या सुखाचा अंदाज माणसाला इतका चुकीचा येतो, हे वाचून मला हसू आले.

याच मंडळींच्या पुढच्या एका प्रयोगाकडे आपण जास्त लक्ष द्यायला हवे. त्यांनी लोकांना कॉफीच्या दुकानाची भेटकार्डे दिली. काहींनी कार्ड दुसऱ्याला देऊन टाकायचे होते. काहींनी ते दुसऱ्यासाठी वापरायचे होते आणि त्याच्याबरोबर दुकानात बसायचेही होते. सर्वांत जास्त आनंद या बरोबर बसणाऱ्यांना झाला. खर्च तेवढाच, फरक सोबतीचा.

इथे काही वाचक विचारतील, आणि विचारायलाच हवे, की आनंदासाठी दिले तर इखलास कुठे राहिला? काम अल्लाहच्या रजेसाठी असावे, स्वतःच्या खुशीसाठी नव्हे. शंका रास्त आहे. पण हजरत उमर (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस तिर्मिजीत आहे, तिचा आशय असा की ज्याला आपल्या नेकीने खुशी होते आणि बुराईने दुःख होते, तो मोमिन. म्हणजे खुशी होणे हा दोष मानलेला नाही. दोष दाखवण्यात आणि उपकार सुनावण्यात आहे. सूरह बकराच्या 264 व्या आयतीत अशा सदक्याला गुळगुळीत खडकाची उपमा दिली आहे. खडकावर माती होती, जोराचा पाऊस पडला, खडक पुन्हा उघडा. रेशनच्या पिशवीसह घेणाऱ्या बाईचा फोटो काढून ग्रुपवर टाकणाऱ्यांनी ही आयत तर्जुम्यासह वाचावी. त्या बाईची मुलगी माझ्या वर्गात बसते, आणि वर्गातल्या इतर मुलींच्या घरीही मोबाइल असतात. फोटो आलेल्या दिवसानंतर ती दोन दिवस शाळेत आली नव्हती.

द्यायला पैसाच लागतो असेही नाही. रस्त्यातला काटा बाजूला करणे, वाट चुकलेल्याला वाट दाखवणे, हसून भेटणे, या सगळ्याला हदीसमध्ये सदका म्हटले आहे. आमच्या शाळेत सातवीत एक मुलगा होता, खोड्यांसाठी प्रसिद्ध, मराठीत जेमतेम. घरी दखनी, शाळेत उर्दू, मराठी फक्त तासापुरती. त्याच वर्षी पाचवीत एक लहानगा आला, त्याला मराठीची बाराखडीही येत नव्हती. मी या मोठ्याला मधल्या सुट्टीची दहा मिनिटे लहानग्याबरोबर बसायला सांगितले. खरे तर त्याला मैदानापासून दूर ठेवणे हाही हेतू होता! महिन्याभराने त्याने माझ्याकडे येऊन विचारले, "टीचर, 'स्त्र' कसा फोडायचा? तो विचारतोय आणि मला नाही येत." दोन वर्षे मी जोडाक्षरे शिकवत होते, या मुलाने कधी प्रश्न विचारला नव्हता. आता त्याच्यावर कुणीतरी अवलंबून होते. वार्षिक परीक्षेत लहानगा पास झाला, आणि मोठ्याचे शुद्धलेखन इतके सुधारले की दुसऱ्या शिक्षकांना कॉपीचा संशय आला.

आता अडचणीचा भाग. सगळेच देणे समोर बसून होत नाही, व्हायचीही गरज नाही. मे 2020 मध्ये, कोरोनाच्या पहिल्या टाळेबंदीत, इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने 36 लाख रुपये जमवून तिथल्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात 10 खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. त्याचे उद्घाटन तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ईदच्या दिवशी दूरदृश्य प्रणालीद्वारे केले. यंत्रमाग बंद पडलेल्या गावाने हे केले. त्या खाटांवर कोण झोपले, हे पैसे देणाऱ्यांना कळण्याचे कारण नव्हते. असे काम एकट्या घराच्या आवाक्यातले नाही, ते जमातीनेच करायचे असते. माझी तक्रार अशा देण्याविषयी नाही. वर्षभराची सगळी जकात सत्ताविसाव्या रात्री तरावीहहून परतताना स्कॅनरवर पाठवून मोकळे होण्याविषयी आहे. फर्ज अदा होईल, पैसा योग्य हाती गेला तर गरिबाचे कामही होईल. त्या तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या दुखण्याला मात्र यातून उतारा पडेल असे वाटत नाही.

त्यावर सोपा उपाय घरातच असतो, आणि म्हणूनच तो सर्वांत अवघड वाटतो. गरिबाला दिलेला सदका हा एक सदका, आणि नातेवाइकाला दिलेला सदकाही आणि सिलारहमीही, असा दुहेरी सवाब हदीसमध्ये सांगितला आहे. आई-वडिलांना आणि मुलांना जकात देता येत नाही, पण गरजू भाऊ, बहीण, मावशी, आत्या, चुलते यांना देता येते. आणि देताना 'ही जकात आहे' असे सांगावे लागत नाही, नियत मनात असली की पुरते. ईदी म्हणून द्या, मुलांच्या पुस्तकांसाठी म्हणून द्या. बहिणीची मान खाली जाणार नाही आणि भाऊबंदकीत अबोला धरलेली कितीतरी घरे पुन्हा एकमेकांकडे चहा प्यायला लागतील.

भगिनींसाठी एक गोष्ट. प्रेषितांनी आपल्या पत्नींना सांगितले होते की तुमच्यापैकी जिचा हात सर्वांत लांब, ती मला सर्वांत आधी येऊन मिळेल. त्यांनी एकमेकींचे हात मापून पाहिले. पुढे हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) यांचा इंतकाल सर्वांत आधी झाला, तेव्हा उलगडा झाला. त्या स्वतःच्या हाताने काम करून कमवत आणि सदका करत. शौहरच्या पगारातून जकात निघते ती निघू दे. शिवणाचे, मेहंदीचे, शिकवणीचे जे दोनशे-चारशे रुपये आपल्या हातचे असतात, त्यातून कुणाला काही दिले की कसे वाटते, ते ज्या बहिणी करतात त्यांना विचारा. माझी नानी तर कमवतही नव्हती. रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायची. महिनाअखेरीस तो डबा कुणाकडे जायचा हे नानांनासुद्धा माहीत नव्हते, आणि तो घेऊन निघताना ती नवी ओढणी घ्यायची.

शिक्षिका म्हणून एक विनंती आहे. जकातीचे वर्ष चंद्राचे असते, पण ती हप्त्याहप्त्याने आगाऊ देता येते. शाळा जूनमध्ये उघडतात. त्या पहिल्या पंधरवड्यात वह्या, दप्तर, गणवेश, बूट यांसाठी जी ओढाताण होते, ती रमजानची वाट पाहू शकत नाही. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, कोणत्या मुलाला काय हवे ते ते गुपचूप सांगतील. खरेदीला स्वतःच्या मुलांना बरोबर न्या. लारा अकनिन यांनी दोन वर्षांच्याही आतील बालकांना खाऊ वाटायला दिला, तेव्हा मिळालेला खाऊ खाण्यापेक्षा देताना ती अधिक हसली, आणि स्वतःच्या वाट्याचा दिला तेव्हा सर्वांत जास्त. तुमची मुले तर मोठी आहेत. कोणासाठी आहे ते त्यांना सांगू नका. फक्त दप्तराचा रंग त्यांना निवडू द्या, आणि दुकानातून बाहेर पडताना पिशवी त्यांच्या हातात द्या.