कलिंगडाचं हिम आणि दुखरा घसा

चिनी औषधांच्या दुकानात दुखऱ्या घशासाठी एक पांढरी पूड मिळते. तिला शीग्वा श्वांग म्हणतात, म्हणजे कलिंगडाचं हिम. मातीच्या रांजणात कलिंगड आणि क्षार भरून ठेवला की रांजणाच्या बाहेरच्या अंगावर ती उगवते. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला याहून मोठं आमिष कुठलं असणार? बोलून बोलून घसा धरणं हा शिक्षकी पेशाचाच भाग, त्यामुळे घशाच्या औषधांचं कुतूहल मला पहिल्यापासून होतं. पण या पुडीबद्दल वाचलं आणि चिनी औषधशास्त्राची पुस्तकं माझ्या टेबलावर कायमची मुक्कामाला आली.

इतिहास थोडक्यात सांगते. इसवी सन 200च्या सुमारास झांग झोंगजिंग या वैद्यानं घसादुखीच्या एका प्रकारासाठी फक्त ज्येष्ठमधाचा काढा सांगितला आणि त्यानं उतार पडला नाही तर त्यात जियेगेंग नावाची मुळी घालायला सांगितली. ली शिझेनचा प्रचंड निघंटू 1596 मध्ये छापला गेला. वू जूतोंगनं 1798 मध्ये तापाच्या आजारांवरचा ग्रंथ लिहिला. त्यातल्या हनिसकलच्या फुलांच्या काढ्याबद्दल तो बजावतो, की सुवास दरवळला की लगेच उतरवा, जास्त उकळू नका. सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही सूचना वाचून आनंदच होईल. असो.

या परंपरेत घसादुखी हा एकच आजार नाही. घसा लालबुंद, सुजलेला, तहान लागते, थंडीपेक्षा ताप जास्त, तर ती वाऱ्याबरोबर शिरलेली उष्णता. तिथे थंड गुणाची औषधं. अंगात हुडहुडी, नाकातून पाणी आणि घसा फारसा लाल नाही, तर तो वाऱ्याबरोबर शिरलेला गारठा. तिथे आलं आणि उष्ण औषधं. तिसरा प्रकार माझ्या ओळखीचा आहे. घसा कोरडा, खवखवणारा, संध्याकाळकडे जास्त त्रास देणारा, महिनोन् महिने रेंगाळणारा. शरीरातला ओलावा कमी पडल्याचं हे लक्षण मानतात आणि त्यावर घशाला ओलं करणाऱ्या मुळ्या देतात. सूज फारच असेल तर वैद्य अंगठ्याच्या नखाच्या कोपऱ्याशी, शाओशांग या बिंदूवर, सुईनं टोचून रक्ताचे दोन थेंब काढतात.

माझी भाची व्यापाराच्या निमित्तानं ग्वांगझूला राहते. ती दुभाषी म्हणून बरोबर होती, म्हणून ग्वांगशी प्रदेशातल्या ग्वीलिनला जाणं जमलं. ग्वीलिन डोंगरांसाठी प्रसिद्ध आहे. नदीकाठचे ते सुळके सुंदरच आहेत, पण मी गेले होते ती कलिंगडाच्या हिमासाठी. औषधांच्या एका दुकानात मी ते मागितलं. काउंटरवरच्या बाईंनी आधी जीभ दाखवायला सांगितली. मग प्रश्न सुरू झाले. गिळताना दुखतं की बोलताना? गरम पाणी बरं वाटतं की गार? त्रास सकाळी होतो की संध्याकाळी? काम काय करता?

"मावशी, त्या म्हणतात हे तुझ्या घशासाठी नाहीच," भाची म्हणाली. "लाल, सुजलेल्या घशाला देतात ते. तुझा कोरडा आहे."

त्यांनी मला दिलं लो हान ग्वो, लिंबाएवढं, वाळवलेलं, तपकिरी गोल फळ. फोडून गरम पाण्यात टाकायचं आणि दिवसभर घोट घोट प्यायचं. हेही कलिंगडाच्याच कुळातलं. ग्वीलिनच्या डोंगराळ भागात याचे वेल पिढ्यान् पिढ्या लावतात. नराची आणि मादीची फुलं वेगवेगळ्या वेलांवर येतात, त्यामुळे शेतकरी हातानं परागकण लावत फिरतात. 1941 मध्ये वॉल्टर स्विंगल या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं या वेलीला नॅशनल जिओग्राफिक सोसायटीच्या गिल्बर्ट ग्रोव्हनर यांच्यावरून शास्त्रीय नाव दिलं. फळातली मोग्रोसाइड नावाची द्रव्यं साखरेच्या 200 पटींहून अधिक गोड असतात. आज साखरेऐवजी वापरायच्या पुड्यांमध्ये हेच फळ आपल्याकडच्या दुकानांतही येऊन पोचलंय. मला त्याची धुरकट, गोड चव फार आवडली. ग्राहक पैसे पुढे करत असताना "हे तुमच्यासाठी नाही" म्हणणाऱ्या त्या बाईंबद्दल तर मला अपार आदर वाटतो.

आता रांजणाकडे वळते. कलिंगडाच्या हिमाची कृती 1760च्या सुमारास गू शिचेंगनं लिहिलेल्या शल्यचिकित्सेच्या ग्रंथात सापडते. जुन्या रीतीत अख्ख्या कलिंगडाचं देठाकडचं झाकण कापत, आतला थोडा गर काढून क्षार भरत, झाकण बांबूच्या काड्यांनी पुन्हा बसवत आणि फळ वाऱ्यावर टांगून ठेवत. सालीवर पांढरी बुरशीसारखी लव यायची, ती झाडून घ्यायची. पुढे रांजणाची रीत आली. झिलई न दिलेला मातीचा रांजण घ्यायचा. त्यात कलिंगडाचे सालीसकट तुकडे आणि मांगश्याओ हा क्षार यांचे थर एकावर एक रचायचे. 100 किलो कलिंगडाला साधारण 15 किलो क्षार. तोंड बंद करून रांजण सावलीत, वारं खेळेल अशा जागी ठेवायचा. काही दिवसांनी बाहेरून पांढरं फुटू लागतं. मऊ कुंचल्यानं झाडून घ्यायचं, पुन्हा येतं, पुन्हा झाडायचं. येईनासं झालं की काम संपलं.

मांगश्याओ म्हणजे सोडियम सल्फेट. युरोपात सतराव्या शतकातल्या योहान ग्लाउबर या जर्मन रसायनज्ञाच्या नावानं ते ओळखलं जातं आणि आपल्याकडे राजस्थानातल्या डिडवाण्याच्या खाऱ्या तळ्यातूनही काढतात. याच्या स्फटिकात क्षाराच्या एका रेणूमागे पाण्याचे 10 रेणू असतात. याची विद्राव्यता तर वर्गात शिकवायला फार छान. 0 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात जेमतेम 5 ग्रॅम विरघळतं, 32 अंशांच्या आसपास जवळजवळ 50 ग्रॅम. म्हणजे थोडा गारवा पडला तरी ते पाण्याबाहेर यायला बघतं.

रांजणात नेमकं हेच घडतं. कलिंगडाच्या रसात क्षार विरघळतो, रस मातीच्या छिद्रांतून बाहेर पाझरतो, चोथा आतच राहतो. बाहेर वारा पाणी उडवतो, गारव्यात स्फटिक धरतात आणि कोरड्या हवेत आपलं पाणी टाकून त्यांची मऊ पूड होते. जुन्या वाड्याच्या भिंतीला लोणा धरतो, तोच हा प्रकार. विटांमधले क्षार ओलीबरोबर वर येतात आणि पांढरा थर ठेवून जातात. त्या थरात पुष्कळदा हेच सोडियम सल्फेट असतं. घरमालकांना हैराण करणारी ही क्रिया कुणा वैद्यानं मुद्दाम रांजणावर घडवून आणली. गाळणं आणि शुद्ध करणं ही दोन्ही कामं त्यानं माती, ऋतू आणि वारा यांच्यावर सोपवली. शरद सरताना आणि हिवाळ्यातच हे का करायचं, याचंही उत्तर त्यातच आहे. दमट किंवा तापलेल्या हवेत हिम धरणारच नाही.

पुण्याची डिसेंबरची हवा याला अगदी योग्य. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून कोरा माठ आणून मी गच्चीत हा प्रयोग मांडला. सकाळी माठाच्या पोटावर पांढरी लव दिसली तेव्हा शेजारच्या मुलांना हाका मारून वर बोलावलं. ती पूड फक्त भिंगाखाली पाहिली. प्रयोगशाळेतलं रसायन घशात घालायचं नसतं, हेही मुलांना तिथेच सांगितलं.

पूर्वी हे हिम नळीनं घशात फुंकत. आता ग्वीलिनच्या सानजिन कंपनीची छोटी फवारणीची बाटली सगळीकडे मिळते. तिच्यावरची घटकांची यादी वाचताना मी थक्क झाले. कलिंगडाच्या हिमाबरोबर त्यात भाजलेला टाकणखार, ज्येष्ठमध, रेवाचिनीच्या जातीची मुळी, नीळ, रिठ्याच्या फळाचा कोळसा, पुदिन्याचा अर्क आणि बोर्निओल, म्हणजे आपल्या भीमसेनी कापरातलं मुख्य द्रव्य. आजीच्या बटव्यातली निम्मी मंडळी एका चिनी बाटलीत भेटली.

ग्वीलिनहून परतताना हाँगकाँगला थांबले, कारण लेउंग चा हा तिथला काढा प्यायल्याशिवाय या विषयाला न्याय मिळत नाही. रस्त्यावरच्या दुकानात पितळेचे भले मोठे पिंप चकाकत असतात, वाडग्यात काळा काढा ओततात, लोक उभ्याउभ्या पितात आणि कामाला जातात. ग्वांगझूत वोंग लो कॅट हे नाव 1828पासून या काढ्याशी जोडलेलं आहे आणि 2006 मध्ये ग्वांगडोंग, हाँगकाँग आणि मकाव इथल्या या परंपरेला चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. 'चोवीस चवी' नावाचा प्रकार मी मागवला. किराइतावर वाढलेली माझी कोकणी जीभही हादरली, पण वाडगा मी रिकामा केला.

मग घशाच्या या औषधांचा गुण येतो का? मेन्थॉल आणि बोर्निओलनं थंडावा जाणवतो, गोळी चघळल्यानं लाळ सुटते, तीव्र क्षारानं सुजलेल्या पडद्यातलं पाणी खेचलं जातं. आराम वाटायला एवढं पुरेसं आहे. पण बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि आठवड्याभरात आपणच बरी होते, म्हणून बरं होण्याचं सगळं श्रेय बाटलीला देता येत नाही. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंची घसादुखी मात्र वेगळी. तिच्यावर वेळेवर प्रतिजैविकं मिळाली नाहीत तर मुलांना संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात, आणि आपल्या देशात हा आजार अजून गेलेला नाही. खूप ताप, गिळता न येणं, श्वास घ्यायला त्रास, मानेत गाठी, यांपैकी काहीही असेल तर थेट डॉक्टरांकडे जावं. ज्येष्ठमध रोज आणि पुष्कळ खाल्लं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. घशाच्या चिनी औषधांत वापरली जाणारी शानदोउगेन ही मुळी जास्त झाली तर विषारी ठरते. टाकणखार असलेली फवारणी लहान मुलांवर आणि गरोदरपणात स्वतःच्या मनानं वापरू नये.

तरीही ही परंपरा तपासण्याच्या लायकीची आहे, असं मी ठामपणे म्हणते. चिनी संशोधक तू यूयू यांना 2015 मध्ये नोबेल मिळालं, ते चौथ्या शतकातल्या गे होंगच्या पुस्तकातली एक ओळ गंभीरपणे घेतल्यामुळे. वनस्पती पाण्यात भिजवा, पिळा आणि रस प्या, एवढंच तिथे लिहिलं होतं, उकळायला सांगितलं नव्हतं आणि त्यातून हिवतापावरचं औषध हाती आलं. कलिंगडाच्या हिमाचीही अशी चाचणी व्हावी. एका गटाला रांजणावरचं हिम, दुसऱ्याला कलिंगडाशिवाय शुद्ध केलेलं सोडियम सल्फेट, तिसऱ्याला नुसत्या मिठाच्या गुळण्या. आणि चाचणीत कुणाला घ्यायचं हे ठरवण्याआधी प्रत्येकाला ग्वीलिनच्या त्या बाईंचे सगळे प्रश्न विचारावेत.